यात्रेत चुकलेले मूल

मराठीत वस्तू हरवते आणि मूल चुकते. छत्री हरवली, पाकीट हरवले असे आपण म्हणतो; परंतु जत्रेच्या गर्दीत आईचा हात सुटलेल्या लेकराविषयी जुनी माणसे 'पोर चुकले' असेच म्हणत आली आहेत. या शब्दयोजनेत अनुभव साठलेला आहे. वस्तू जेथे पडते तेथेच पडून राहते. मूल मात्र चालत राहते, ओळखीचे काही दिसते का ते पाहत राहते आणि पाहता पाहता शोधणाऱ्यापासून दूर जाते. देवाच्या भेटीची तळमळ सांगताना संत तुकाराममहाराजांनी आईपासून चुकलेल्या बाळाची उपमा योजिली आहे. ती उपमा किती खरी आहे हे समजण्यास यात्रेच्या दिवशी कोणत्याही मोठ्या देवस्थानाच्या चौकशी कक्षासमोर घटकाभर उभे राहिले तरी पुरे आहे.

पंढरपूरची आषाढी, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, जेजुरीची सोमवती, तुळजापूरचे नवरात्र. स्थान कोणतेही असो, लाखोंच्या समुदायात लहान मूल नजरेआड होणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. बहुतेक मुले त्याच दिवशी आईवडिलांच्या स्वाधीन होतात. तथापि यात्रेच्या ठिकाणी नदीचे पात्र असते, घाटाच्या पायऱ्या असतात, वाहनांनी भरलेला रस्ता असतो, आणि गर्दीत येणारा प्रत्येक मनुष्य दर्शनासाठीच आलेला असतो असेही नाही. म्हणून जो वेळ जातो तो मोलाचा असतो. मूल कसे चुकते, चुकल्यावर ते काय करते आणि मोठ्यांनी काय करावे, याची माहिती भाविकांना असावी या हेतूने हा लेख दिला आहे.

मूल नेमके कोठे चुकते

सर्वसाधारण समजूत अशी की मूल ऐन रेटारेटीत, गाभाऱ्यापुढे चुकते. वस्तुतः तेथे पालक सर्वाधिक सावध असतात. मूल कडेवर घेतलेले असते किंवा त्याचा हात घट्ट धरलेला असतो. हात सुटतो तो रेटारेटी ओसरल्यावर. श्रींचे मुखदर्शन झाले, मन निवांत झाले, मंडळी मोकळ्या प्रांगणात आली, की मोठ्यांचे लक्ष सैल होते. चप्पल स्टँडवर टोकन देऊन आठ-दहा जोड ताब्यात घेताना दोन्ही हात गुंततात. प्रसादाच्या लाडवांच्या खिडकीवर सुटे पैसे काढताना, अभिषेकाची पावती करताना, नारळ फोडताना, कळसाकडे पाठ करून सर्व कुटुंबाचे छायाचित्र मोबाईलवर घेताना जे मूल आतापर्यंत पदराला धरून होते, ते चार पावले बाजूला सरकते. शेजारी खेळण्यांचे दुकान असते, पिपाणी वाजत असते, फुगेवाला उभा असतो.

दुसरी जागा म्हणजे कुटुंब जेथे दुभागते ती. काही देवस्थानांत पुरुषांची आणि स्त्रियांची रांग निराळी असते. वडील समजतात की मूल आईबरोबर गेले. आई समजते की ते वडिलांच्या खांद्यावर आहे. दोन्ही रांगा पुढे एकत्र येईपर्यंत कधीकधी तास-दीड तास लोटतो, आणि तोवर मूल आपल्याजवळ नाही याची कोणालाच शंकाही येत नाही. दोन गाड्या करून आलेल्या मंडळींचेही असेच होते. मूल मागच्या गाडीत आहे असे पुढची गाडी समजते, पुढच्या गाडीत आहे असे मागची समजते, आणि खरा प्रकार वाटेत चहाला थांबल्यावर उघडकीस येतो.

यावरून एक चमत्कारिक वाटणारी परंतु खरी गोष्ट लक्षात येते. सोबत मोठी माणसे जितकी अधिक, तितके मूल चुकण्याचे भय अधिक. एकटी आई दोन मुलांना घेऊन आली असेल तर तिची नजर क्षणभरही ढळत नाही. पण आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, मामा अशा दहा जणांच्या मेळ्यात प्रत्येकाला वाटते की कोणीतरी पाहतच असेल. यावर उपाय सोपा आहे. मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याचे नाव ठरलेले असावे, आणि ताबा बदलताना ते तोंडाने बोलून दाखवावे. "वहिनी, आता छकुली माझ्याकडे आहे" एवढे एक वाक्य पुरते. समोरून "बरं" असे उत्तर आल्याखेरीज हात सोडू नये. हे थोडे पोरकट वाटेल, पण दानपेटीतील रक्कम मोजताना दोन माणसांच्या सह्या घेतल्या जातात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

हात धरण्याविषयीही सांगणे आवश्यक आहे. मुलाची बोटे धरली तर गर्दीच्या एका धक्क्यात ती निसटतात. मनगट धरावे. फार लहान मुलाला रेटा वाढण्यापूर्वीच उचलून छातीशी घ्यावे. रेटा सुरू झाल्यावर वाकून उचलणे स्वतःलाही धोक्याचे असते.

मुलाच्या उंचीवरून

अडीच-तीन फूट उंचीच्या जिवाला यात्रा कशी दिसत असेल याचा विचार मोठ्यांच्या मनात सहसा येत नाही. त्याला कळस दिसत नाही, कमान दिसत नाही, पाटी दिसली तरी वाचता येत नाही. त्याला दिसतात गुडघे, पिशव्या, धोतरे आणि साड्यांचे काठ. आईला ते साडीच्या रंगावरून ओळखते. नवरात्रात प्रत्येक दिवसाचा रंग ठरवून त्याच रंगाची साडी नेसण्याची प्रथा अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे, परंतु ज्या दिवशी सर्व स्त्रिया पिवळ्या साडीत असतात त्या दिवशी लेकराने कोणत्या पिवळ्या साडीच्या मागे जावे? पंढरीच्या वाटेवर हीच अडचण आजोबांची होते. पांढरे धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, गळ्यात तुळशीची माळ. पाठमोरे पाहिले तर सारे आजोबा एकसारखे.

म्हणून चुकलेले मूल आरंभी रडत नाही. आपण चुकलो आहोत हे त्याला ठाऊकच नसते. ते कोणाच्या तरी पदरामागे शांतपणे चालत असते किंवा खेळण्यांपुढे रमलेले असते. रडणाऱ्या मुलाकडे दहा माणसांचे लक्ष जाते. न रडणाऱ्याकडे कोणाचेच जात नाही. शोध घेणाऱ्यांनी केवळ रडण्याच्या आवाजाकडे कान न देता दुकानांपुढे, वाद्ये वाजत असतील तेथे, हत्ती-घोडे बांधलेले असतील तेथे प्रथम पाहावे.

वयाप्रमाणे वर्तन बदलते. दोन-तीन वर्षांचे मूल तोंड ज्या दिशेला असेल तिकडे चालत सुटते. पाच-सहा वर्षांचे मूल आठवणीतील जागा गाठू पाहते. आपली गाडी जेथे उभी होती, जेथे उसाचा रस प्यालो होतो, जेथे उतरलो त्या भक्तनिवासाच्या खोलीकडे ते निघते. त्यापुढील वयाच्या मुलाला आपण चुकलो हे कळते आणि ते कबूल करण्याची त्याला लाज वाटते. घरी मार खाण्याची सवय असलेली मुले तर हाका ऐकूनही ओ देत नाहीत. ती मंडपाच्या कनातीमागे, दुकानाच्या फळीखाली लपून बसलेली सापडतात, कारण हाक मारणारा आवाज त्यांना रागावलेला वाटतो. हाक मारताना आवाजात राग येऊ देऊ नये, हे यासाठी.

चुकलेल्या मुलाला विचारपूस केली तर मिळणारी उत्तरे सर्वत्र सारखीच असतात. नाव काय? सोनू. वडिलांचे नाव? पप्पा. राहतोस कुठे? घरी. गाव कोणते? मामाचे. त्यात त्या जिवाचा काही दोष नाही; त्याच्या जगात पप्पा एकच आहेत आणि घरही एकच. परंतु ध्वनिक्षेपकावरून पुकारा करणाऱ्या सेवेकऱ्याच्या हाती या उत्तरांतून काहीच लागत नाही.

घरून निघताना

तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे आणि गाव सांगता येईल इतकी तयारी घरी करून घ्यावी. पाढे जसे चालीवर पाठ होतात, तसा दहा आकडी दूरध्वनी क्रमांकही चालीवर पाठ होतो. तरीही घाबरलेल्या मुलाला पाठ केलेले आठवत नाही, म्हणून चिठ्ठी हवीच. जाड कागदावर नाव, गाव व क्रमांक लिहून, ती प्लास्टिकच्या लहान पिशवीत घालून मुलाच्या आतल्या खिशात ठेवावी किंवा फ्रॉकच्या आतल्या बाजूस टाचून द्यावी. मुलाचे नाव सदऱ्यावर बाहेरून ठळक दिसेल असे लिहू नये. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मुलाला तो आपलाच वाटतो.

क्रमांक कोणाचा लिहावा यात मात्र बहुतेकांची गफलत होते. आईचा किंवा वडिलांचा क्रमांक लिहिला जातो. आणि अनेक देवस्थानांत मोबाईल आत नेण्यास मनाई असल्याने ते दोन्ही फोन बंद करून ठेवघराच्या कप्प्यात पडलेले असतात. नसले, तरी यात्रेच्या दिवशी गर्दीमुळे फोन लागत नाही किंवा दुपारपर्यंत चार्जिंग संपलेले असते. यासाठी चिठ्ठीवर गावी घरी असलेल्या एखाद्या नातलगाचा क्रमांकही अवश्य लिहावा. मूल सापडल्याचा निरोप आधी गावी पोचतो आणि तेथून आईवडिलांना कळतो, हा मार्ग लांबचा दिसला तरी चालतो.

सकाळी स्नान करून कपडे घातल्यावर मुलाचे त्याच दिवसाचे एक छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवावे, पायांतील चपलांसह. मूल नजरेआड झाल्यावर त्याने काय घातले होते हे आईलाही पुष्कळदा खात्रीने सांगता येत नाही. निळा सदरा होता की हिरवा, यावर तिथेच नवरा-बायकोचा वाद होतो. देवस्थानाच्या नियमाप्रमाणे फोन आत न्यायचा नसेल तर कपड्यांचा रंग सोबतच्या कोणीतरी लक्षात ठेवण्याची जबाबदारी घ्यावी.

मुलाला शिकविण्याची गोष्ट एकच: आई दिसेनाशी झाली तर जिथे आहेस तिथेच उभे राहायचे, चालायचे नाही. आणि कोणाला सांगायचे तर खाकी वेषातील पोलिसाला, बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाला, किंवा लहान मूल कडेवर असलेल्या एखाद्या मावशीला. "असाच हट्ट केलास तर पोलिसाला देईन" असा धाक काही घरांत उठता-बसता घातला जातो. ज्या मुलाने तो ऐकला आहे, ते नेमक्या वेळी पोलीस पाहून पळते.

या बाबतीत वारकरी संप्रदायाची जुनी घडी अभ्यासण्यासारखी आहे. संत ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि ती रथाच्या पुढे की मागे हेही ठरलेले असते. 'रथामागे दिंडी क्रमांक अमुक' एवढे ज्याला सांगता येते, त्याला लाखोंच्या समुदायात पत्ता आहे. सोहळ्याला आजचे स्वरूप देणाऱ्या हैबतबाबांच्या शिस्तीचा हा भाग. मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, टाळमृदंग थांबतात, एवढा मोठा समुदाय क्षणात निःशब्द होतो, आणि त्या शांततेत दिवसभरात हरवल्या-सापडल्याचे निरोप सांगितले जातात. ध्वनिक्षेपक आता आले. सर्वांनी एकदम गप्प राहून ऐकण्याची रीत त्याआधीची आहे. आज पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपक उत्तम असतात, पण त्यावरून अखंड भक्तिगीते आणि देणगीदारांची नावे चालू असल्याने चुकलेल्या मुलाचा पुकारा कोणाच्या कानी पडत नाही. दिंडीबरोबर मुले नेणाऱ्यांनी चिठ्ठीवर दिंडीचा क्रमांक व प्रमुखांचा दूरध्वनी लिहिलेला बरा. केरळात शबरीमला यात्रेत पंपा येथे पोलीस मुलांच्या मनगटावर ओळखपट्टी बांधतात. त्यावर मुलाचे नाव आणि सोबतच्या माणसाचा क्रमांक असतो. पट्टी साधी, खर्च थोडा, आणि उपयोग त्याच दिवशी दिसतो.

पहिली काही मिनिटे

मूल दिसत नाही हे लक्षात आल्यावर प्रथम काय घडते? कोणी मोठ्याने ओरडत नाही. आई इकडेतिकडे पाहते, मग दोन-चार दुकाने मागे जाऊन येते, मग जाऊबाईंना हळूच विचारते. सासूबाईंना किंवा वडिलांना सांगण्याचे ती टाळते, कारण पहिला प्रश्न "तुझे लक्ष कुठे होते?" असाच येणार हे तिला ठाऊक असते. वडीलही चौकशी कक्षात येण्याआधी स्वतः सर्व प्रांगण दोनदा पालथे घालतात. लोक काय म्हणतील, पुकारा झाला तर गावच्या मंडळींना कळेल, असे विचार त्या घालमेलीतही मनात येतात. चौकशी कक्षात येणारे पालक बहुधा सांगतात की मूल 'आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी' दिसेनासे झाले. खोदून विचारले की अर्धा तास होऊन गेलेला असतो. तीन वर्षांचे मूलसुद्धा अर्ध्या तासात महाद्वारातून बाहेर पडून बस स्थानकापर्यंत जाऊ शकते.

ही लाज सोडली पाहिजे. मूल चुकणे हा आईच्या प्रेमातील उणेपणा नव्हे. ज्या गर्दीत धडधाकट माणसांची चुकामूक होते त्या गर्दीत लेकराची होणारच. आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी त्या क्षणी जाब विचारण्याचा मोह आवरला तर सूनबाई पुढच्या वेळी पहिल्या मिनिटाला सांगेल.

मूल दिसत नाही असे वाटताच जागेवरूनच मोठ्याने नाव घेऊन, कपड्यांचा रंग सांगून हाक द्यावी: "लाल फ्रॉकमधली चार वर्षांची मुलगी कोणी पाहिली का?" नुसते नाव पुकारल्याने आसपासच्या माणसांना काही बोध होत नाही, रंग व वय सांगितले की पन्नास डोळे शोधू लागतात. ज्या जागी मूल शेवटचे दिसले तेथे एका माणसाने हलू नये, कारण मूल परत तेथेच येण्याचा संभव असतो. दुसऱ्याने तडक जवळच्या स्वयंसेवकास किंवा चौकशी कक्षास कळवावे. उरलेल्यांनी आत शोधण्याऐवजी प्रथम बाहेर पडण्याची दारे, त्यानंतर पाण्याची जागा, मग वाहनतळ गाठावा. आतल्या आत फिरणारे मूल आज ना उद्या दिसते. दाराबाहेर किंवा घाटाकडे गेलेल्याची चिंता अधिक.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. दर्शनबारीतून बाहेर आल्यावर मूल आत राहिल्याचे कळले तर कठडे ओलांडून प्रवाहाच्या उलट दिशेने आत घुसू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात आणि २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवी येथे झालेल्या चेंगराचेंगरीच्या आठवणी महाराष्ट्रात ताज्या आहेत; मांढरदेवीस २९० हून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. एकेरी मार्ग आणि लोखंडी कठडे आज जागोजागी दिसतात ते अशा दुर्घटना टाळण्यासाठीच. एकाच अरुंद वाटेत दोन बाजूंनी माणसे समोरासमोर आली की रेटा निर्माण होतो, आणि त्यात आपलेच लेकरू सापडण्याची भीती असते. दाराशी असलेल्या रक्षकाला सांगावे. त्याच्याजवळील वॉकीटॉकीवरून आतल्या माणसाला निरोप देण्यास लागणारा वेळ हा आईने गर्दी चिरत आत जाण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी असतो.

पोलिसांना कळविण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते, असा एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. असा कोणताही नियम नाही. उलट, बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार, मूल बेपत्ता असल्याची तक्रार येताच पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू करावयाचा असतो आणि अन्यथा दिसून येईपर्यंत ते मूल पळविले गेले असावे असे गृहीत धरावयाचे असते. ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. १०९८ ही मुलांसाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनाकडे आली असून ११२ शी जोडण्यात आली आहे. रेल्वे स्थानकावर वा गाडीत मूल चुकल्यास १३९ वर किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानास कळवावे, एस. टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रकास. स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांच्या वाहकांना तेथून लगेच सावध करता येते.

दुसऱ्याचे मूल आढळल्यास

एकटे मूल दिसले तर पुष्कळ सहृदय भाविक त्याला उचलून 'चल, तुझी आई शोधू' म्हणून फिरू लागतात. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. मूल जेथे चुकले तेथे आई परत येते, आणि तोवर मूल चार गल्ल्या दूर गेलेले असते. मुलाजवळ खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावे, पाणी द्यावे आणि दहा मिनिटे तेथेच थांबावे. इतरांपैकी कोणास तरी स्वयंसेवकाला बोलावण्यास पाठवावे. कोणी आले नाही तर दोघांनी मिळून मुलाला चौकशी कक्षात किंवा पोलीस मदत केंद्रात न्यावे. एकट्याने नेऊ नये. मुलाला दयेपोटी आपल्या गावी किंवा घरी घेऊन जाणे हे तर पूर्ण गैर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये चुकलेले मूल आढळल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ सेवा किंवा बाल कल्याण समिती यांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे चोवीस तास ही कमाल मर्यादा आहे; कळवावयाचे ते तत्काळच.

पुकारा करतानाही तारतम्य हवे. सापडलेल्या मुलाचे नाव, वय, कपडे, गळ्यातील ताईत, हातावरील तीळ असे सर्व काही ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तर ऐकणारा कोणीही येऊन तीच वर्णने म्हणून दाखवू शकतो. म्हणून एखादी खूण राखून ठेवावी लागते आणि ती येणाऱ्याने स्वतः सांगावी लागते. मूल धावत जाऊन बिलगले की ओळख पटली असे सेवेकऱ्यांना वाटते. परंतु थकलेले, भुकेलेले मूल गोड बोलणाऱ्या कोणाकडेही जाते. ओळखपत्र पाहणे, मोबाईलमधील मुलाचे छायाचित्र पाहणे, नोंदवहीत नाव-पत्ता लिहून सही घेणे आणि शंका असल्यास पोलिसांसमोरच ताबा देणे, यासाठी आईवडिलांना पाव तास थांबावे लागते. अश्रू आवरत नसलेल्या आईला हा पाव तास जाचक वाटतो, काही पालक रागाने बोलतातही. त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की त्यांच्याआधी दुसरे कोणी आले असते, तर त्यालाही असेच थांबविले गेले असते.

सेवेची ही परंपरा आपल्या देशात बरीच जुनी आहे. प्रयाग येथे १९४६ च्या मेळ्यात राजाराम तिवारी या अठरा वर्षांच्या तरुणाने चुकलेल्या यात्रेकरूंना घरच्यांशी भेटविण्याचे काम आरंभिले. ध्वनिक्षेपक नव्हते, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ते मेळ्यातून पुकारत फिरत. 'भूले-भटके शिबिर' या नावाने ते कार्य वाढले. तिवारींनी २०१६ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, ते चालविले आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी ते पुढे नेले. २०२५ च्या महाकुंभात संगणकीकृत 'खोया-पाया' केंद्रे उभारली गेली, तरी कर्ण्यापासून संगणकापर्यंत कामाचे स्वरूप तेच राहिले: एका ठरलेल्या जागी कोणीतरी सतत बसलेले असणे, आणि ती जागा सर्वांना माहीत असणे.

देणगीदारांपैकी अनेकांची इच्छा कळसासाठी, संगमरवरी फरशीसाठी किंवा नावाच्या पाटीसाठी देण्याची असते. ती भावना आदरणीयच आहे. परंतु चुकलेल्या मुलांसाठी सतरंजी अंथरलेली, पंखा असलेली, दूध-बिस्किटे आणि चार खेळणी ठेवलेली एक खोली, हातावर बांधावयाच्या काही हजार पट्ट्या, आणि यात्रेच्या दिवसांत त्या खोलीत बसणाऱ्या दोन सेविकांचा प्रवासखर्च एवढ्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, हे मात्र खरे.

मूल परत मिळाल्यावर

मूल हाती आल्याबरोबर त्याला एक चापट मारण्याची चूक कित्येक पालकांकडून होते. तो राग नसतो, तासाभराची भीती त्या रूपाने बाहेर पडते. पण मुलाला ते कळत नाही. त्याच्या मनात एवढेच उरते की आई सापडली आणि तिने मारले. पुढल्या खेपेस ते लपून बसेल. जवळ घ्यावे, पाणी पाजावे, आणि ते कोठे थांबले होते, कोणी मदत केली, कोणी हात धरून कोठे नेले होते का, हे शांतपणे विचारून घ्यावे. काही वावगे कळल्यास तसेच घरी न जाता पोलिसांना सांगावे.

आनंदाच्या भरात बहुतेक कुटुंबे तशीच निघून जातात. तिकडे घाटावर दोन स्वयंसेवक, बस स्थानकावर एक पोलीस आणि गावचे चार नातलग अजून शोधतच असतात. कधी रात्री उशिरापर्यंत शोध चालू राहतो आणि त्याच वेळी खरोखर चुकलेल्या दुसऱ्या मुलासाठी माणसे अपुरी पडतात. म्हणून ज्यांना ज्यांना कळविले होते त्या प्रत्येकास, ११२ व १०९८ सह, मूल मिळाल्याचे सांगावे, चौकशी कक्षात येऊन नोंदवहीतील आपल्या नोंदीपुढे वेळ घालून सही करावी, आणि 'मूल सापडले' असा पुकारा ध्वनिक्षेपकावरून झाल्यानंतरच प्रस्थान करावे.